मालकांची मतं

टीव्हीवर जाहिरात लागली की माणसं उठतात. कुणी पाणी प्यायला, कुणी कुकर बघायला. मी उठत नाही. "सिनेमात डुलक्या काढता आणि साबणाकडे डोळे फाडून बघता," असं माझी बायको लग्नापासून म्हणते आहे. तिचं बरोबर आहे. ही सवय मला घाटकोपरला, भटवाडीच्या चढावर लागली. तिथे एका घरी मी कॉटवर साडेतीन वर्षं राहिलो. त्या घराच्या मालकांना मी शेवटपर्यंत 'मालक' म्हणत आलो आणि आजही मला त्यांचं दुसरं नाव सुचत नाही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. अकोल्याकडच्या एका तालुक्याच्या गावातून बी.ए. होऊन मी मुंबईत एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. नोकरी लागल्याचा कागद वडिलांनी शेजारच्या चार घरांत नेऊन दाखवला होता. पण तो कागद दाखवून मुंबईत कुणी राहायला जागा देत नव्हतं. दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर "कालच दिली हो खोली," असं ऐकून मी परतलो होतो. म्हणून कचेरीतल्या शिपायाने दिलेला भटवाडीचा पत्ता शोधत गेलो तेव्हा मी ठरवूनच गेलो होतो की आधीच सगळं सांगून टाकायचं.

मालक गंजिफ्रॉकात, चौकड्यांची लुंगी नेसून स्टुलावर बसले होते आणि टीव्हीच्या पडद्यावर लावलेली निळी प्लॅस्टिकची काच ओल्या फडक्याने पुसत होते. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि पुढे म्हणालो, "आम्ही बौद्ध."

"कळलं ते," ते म्हणाले. "टीव्ही बघतोस?"

"गावाकडे नाही. ग्रामपंचायतीत आणला होता, तेव्हा एकदा बघितला."

"मग मत काय झालं?"

"कशाबद्दल?"

"जे बघितलंस त्याबद्दल."

मी आठवून सांगितलं की कपाशीवर फवारणी कशी करावी असा काहीतरी कार्यक्रम होता.

"बरोबर होता?"

"नाही. तो माणूस वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून फवारत होता. सगळं औषध अंगावर येतं तशाने."

मालकांनी फडकं खाली ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगो, कॉट मोकळी कर. ह्याला दिसतं."

मला जागा मिळाली ती अशी. त्या दिवशी मी कॉटवर पडून बराच वेळ छताकडे बघत होतो. मला दिसतं, एवढ्यावर कुणी मला घरात घेईल असं मला वाटलं नव्हतं.

मालक गोदीत टॅली क्लार्क होते, म्हणजे जहाजातून उतरणाऱ्या मालाची नोंद ठेवणारे. पण ही ओळख ते स्वतःहून कधी देत नसत. गोदीतल्या कामगारांचं एक नाट्यमंडळ होतं आणि त्या मंडळात ते बावीस वर्षं प्रॉम्प्टर होते. ही त्यांची खरी ओळख. विंगेत उभं राहून नटांना वाक्यं सांगायची. बावीस वर्षांत ते एकदाही रंगमंचावर गेले नाहीत. "मी सांगणारा. बोलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा," असं म्हणायचे. त्यामुळे टीव्ही बघताना त्यांचे ओठ हलत असत. मालिकेतली सून कपाटातून चिठ्ठी काढायची, चिठ्ठीकडे बघायची आणि मालक हळूच म्हणायचे, "हे मी काय वाचतेय." लगेच ती म्हणायची, "हे मी काय वाचतेय." दहातल्या सात वेळा त्यांचं वाक्य बरोबर निघे. उरलेल्या तीन वेळा ते म्हणत, "चुकली ती."

त्यांच्या घरात त्या गल्लीतला पहिला टीव्ही आला होता. नंतर इतरांकडेही आले, रंगीतसुद्धा आले, पण रविवारच्या संध्याकाळी माणसं मालकांकडेच यायची. मालकांसोबत टीव्ही बघणं हा वेगळा कार्यक्रम होता. समोरची वहिनी त्यात पुढे असायची. ती मालकांना कधी गप्प बसू द्यायची नाही.

"काका, सगळं तुम्हीच आधी बोलता. मग आम्ही बघायचं काय?"

"तू साडी बघ."

"साडी काय बघू, काळी-पांढरी?"

"मग तुझ्या घरचा रंगीत बघ."

"तिकडे कोण बोलतं का पण?"

मालिकांची नावं ते घेत नसत. प्रत्येकीला त्यांनी स्वतःचं नाव दिलेलं होतं. एकीला ते 'जिना' म्हणत, कारण तिच्यातलं प्रत्येक माणूस दुःख झालं की जिना चढून वर जायचं. "आपल्या भटवाडीत काय कमी जिने आहेत? चढून वर जाऊन रडतो का कोण? वर पोचेपर्यंत धाप लागते, रडणार कधी?" दुसरीला ते 'फोन' म्हणत. "फोन वाजल्यावर सगळे एकमेकांकडे बघतात. मेल्यांनो, उचला ना. मग तिसरा म्हणतो, 'हॅलो.' हे ऐकायला आठवडाभर थांबलो काय मी?" एका मालिकेचं नाव 'वकिलाचा कोट' असं होतं, कारण त्यातल्या वकिलाच्या कोटाला मालकांनी एकदा मागे टाचणी लावलेली पाहिली होती. आणि ती खरंच होती. पुढच्या भागात वकील वळला तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाहिली.

पण जाहिरातींचं तसं नव्हतं. जाहिरातींना ते 'छोटं नाटक' म्हणत. मालिका चालू असताना त्यांच्या घरी बोललं तरी चालायचं, मालक स्वतःच बोलायचे. जाहिरात लागली की मात्र सगळ्यांनी गप्प बसायचं. पाहुणा असो, लहान पोर असो, जाहिरात चालू असताना कुणी आत आलं तर त्याने चपला काढून जागा मिळेल तिथे बसायचं, या-बसा नंतर. "अर्ध्या मिनिटात ती बाई सासूला घाबरते, डाग बघते, डाग घालवते आणि सासूला जिंकते," ते म्हणायचे. "आमच्या मंडळाला एवढ्याला तीन अंक लागायचे. आणि मध्ये कुणी वाक्य विसरत नाही."

त्यांची नजर तिथे एखाद्या तपासनिसासारखी चालायची. एका चहाच्या जाहिरातीत नवरा-बायको गच्चीत बसून कपातून चहा पितात. मालक म्हणाले, "कप रिकामे आहेत. भरलेला कप माणूस असा उडवत नाही, त्याला सांडायची भीती असते." कुकरच्या जाहिरातीत शिट्टी झाली की नवरा पेपरमधून मान वर करून हसतो. "हा नवरा नव्हे, भाड्याने आणलेला आहे. नवरा शिट्टीला वर बघतो का?" यावर स्वयंपाकघरातून काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज आला, "नाय हो, कधीच नाय." पंख्याची एक जाहिरात त्यांना इतकी आवडली की त्यांनी तो पंखा आणला. महिन्याभरात तो खडखडायला लागला. वहिनीने संधी साधली.

"काय काका, आता काय मत?"

"जाहिरात चांगली आहे. पंखा वाईट आहे. मी मत जाहिरातीला दिलं होतं."

"म्हणजे मागे घेत नाही?"

"दिलेलं मत मागे घ्यायचं असतं तर मी देताना एवढं बघितलं असतं कशाला?"

हे ते गमतीत म्हणत नसत. मत द्यायला ते वेळ लावायचे, एक जाहिरात चार-चार वेळा बघायचे, पण एकदा दिलं की झालं. आणि मत नुसतं बोलून दिलं जात नसे. ते कार्डावर उतरायचं. रविवारी सकाळी मी कॉटवर मांडी घालून बसायचो, मांडीवर पाट, पाटावर पोस्टकार्ड, आणि मालक खोलीत फेऱ्या मारत सांगायचे. टीव्ही केंद्राला, साबणवाल्यांना, बिस्किटवाल्यांना. अक्षर माझं, मत त्यांचं. खाली नाव कधी घालायचे नाहीत. 'कळावे, एक प्रेक्षक, भटवाडी, घाटकोपर' एवढंच. पत्ता मी नंतर साबणाच्या वेष्टनावरून किंवा बिस्किटाच्या पुड्यावरून बघून घालायचो. उत्तर बहुधा येत नसे. एकदा एका साबणवाल्याने कशावरून तरी घर शोधून दोन वड्या पाठवल्या. मालकांनी त्या वहिनीला देऊन टाकल्या आणि आठ दिवसांनी मला दुसरं कार्ड लिहायला बसवलं, 'आपला साबण फार लवकर विरघळतो असे शेजारी कळते.'

त्यांनी मला काय दिलं, हे सांगायचं तर एक प्रसंग सांगावा लागेल. आमच्या खात्याची बढतीची परीक्षा होती. लेखी मी पास झालो, तोंडी परीक्षेची मला धास्ती होती. मोठ्या साहेबांसमोर माझं बोलणं घाईत व्हायचं. कुणीतरी मध्येच थांबवील अशा भीतीने मी वाक्य पटकन संपवायला बघायचो. मालकांनी आठवडाभर रोज संध्याकाळी मला समोर बसवलं. ते साहेब व्हायचे, मी उमेदवार.

"आता प्रश्न विचारला. लगेच बोलू नको. थांब."

"किती थांबू?"

"त्याला वाटलं पाहिजे की तुला उत्तर येतं आणि तू ते निवडतोयस. घाईत बोलणारा माणूस चोरी करून पळाल्यासारखा दिसतो. तू काय चोरलंस? मार्क तुझे आहेत ना?"

"हो."

"मग सावकाश."

मी पास झालो. त्यानंतर आयुष्यात ज्या ज्या खोलीत मला बोलायची वेळ आली, तिथे बोलण्याआधी मी थोडा थांबलो आहे. लोकांना तो माझा स्वभाव वाटतो. तो मालकांचा आहे.

मी राहायला गेलो त्याला तीन वर्षं होत आली होती तेव्हाची गोष्ट. रविवारच्या सिनेमाच्या आधी खाद्यतेलाची एक नवी जाहिरात लागायला लागली. तिच्यात एक हसरं कुटुंब होतं, टेबल होतं, पण मधली दहा सेकंदं नुसते दोन हात होते. ते हात पुरी लाटतात, उचलतात आणि कढईत सोडतात. पहिल्या रविवारी मालक काही बोलले नाहीत. दुसऱ्या रविवारी ते पडद्याजवळ सरकले. तिसऱ्या रविवारी त्यांनी मत दिलं.

"हे हात नटीचे नव्हेत. नटीचा हात तेलाला घाबरतो. पुरी सोडली की मागे पळतो. हा बघा, पुरी कडेने सोडतो आणि तिथंच थांबतो, ती फुगेपर्यंत. आणि लाटताना पुरी हाताने फिरवत नाही, लाटण्याखाली आपली आपण फिरते. असं काम मी टीव्हीवर बघितलेलं नाही."

पुढचे आठ-दहा दिवस ते दुकानात, नाक्यावर, दूध आणायला गेले तरी त्या हातांबद्दल बोलत होते. आणि त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की ती जाहिरात लागली की काकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहतात आणि संपली की आत जातात. एरवी त्या जाहिरातींसाठी हातातलं काम सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या.

रविवारी सकाळी मालकांनी कार्ड सांगितलं. मला ते अजून पाठ आहे. 'पुऱ्या लाटणारे हात पाहिले. हात तेलास भीत नाहीत. लाटण्याचे काम उत्तम. असे काम घरीच शिकून येते. चेहरा दाखवावयास हवा होता, तो का दाखवला नाही समजत नाही. कळावे. एक प्रेक्षक.' एवढं सांगून ते मासळी आणायला बाजारात गेले. मी तेलाचा डबा मागायला आत गेलो, पत्त्यासाठी. काकींनी डबा दिला नाही. त्यांनी पिठाच्या डब्याखालून एक चुरगळलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. त्यावर भांडुपचा एक पत्ता होता.

"ह्या पत्त्यावर धाड," त्या म्हणाल्या.

"हा कुणाचा पत्ता, काकी?"

"माझ्या चेडवाचो."

त्यांना एक मुलगी आहे हे मला माहीत होतं. तिचा विषय घरात निघत नाही, हेही माहीत होतं. काकी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. मुलगी चार वर्षांपूर्वी लग्न करून गेली. मालकांनी तिला सांगितलं होतं की गेलीस तर परत येऊ नको, आणि ती गेली. तिचा नवरा अंधेरीच्या एका स्टुडिओत लाईटवाला आहे. तेलाच्या जाहिरातीच्या दिवशी आणलेल्या बाईचा हात तेलाजवळ जाईना, तेव्हा कुणीतरी लाईटवाल्याच्या बायकोला बोलावून घेतलं.

"पण तुम्हाला कसं कळलं, तिचेच हात आहेत म्हणून?"

"करंगळी बघ तिची. वाकत नाय ती. लहानपणी पाटा पडलेला तिच्यावर. मग तिलाच चोरून भेटून विचारलं." मग त्या म्हणाल्या, "तुझ्याआधी ह्यांची कार्डं तीच लिहायची."

मी विचारलं, "मालकांचा राग कशाचा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मुलगा तुमच्यातला," त्या म्हणाल्या.

मी विचारू नये ते विचारलं, "मग मला कसं घेतलं, काकी?"

"भाडेकरू कधी ना कधी जातो रे," त्या म्हणाल्या. त्यांना ते लागेल असं बोलायचं नव्हतं. त्या खरं बोलल्या.

मी कार्ड घेऊन बाहेर पडलो आणि चढ उतरून खाली रस्त्यावर बराच वेळ फिरलो. मला राग आला होता, पण राग धरायला मला मालकांचा चेहरा सापडत नव्हता. तीन वर्षं त्या माणसाने मला आपल्या ताटाशेजारी ताट मांडून जेवू घातलं होतं. माझी परीक्षा स्वतःची असल्यासारखी धरली होती. आणि तोच माणूस माझ्यासारख्या एका मुलाला जावई म्हणून दारात उभा करायला तयार नव्हता. दोन्ही खरं होतं. दुसरी खोली बघावी असंही मनात आलं. शिवाय ज्या माणसाने विश्वासाने पत्त्याची बाजू माझ्यावर सोडली होती, त्याला मी फसवायचं होतं. पकडला गेलो तर कॉट जाणार, हे उघड होतं. पोस्टाच्या पेटीजवळ उभं राहून मी शेवटी भांडुपचा पत्ता लिहिला. तिथे मजकूर जसाच्या तसा लागू होत होता, एकही अक्षर बदलावं लागलं नाही.

तेरा दिवस काही झालं नाही. काकी मला जेवण वाढताना एक शब्द बोलत नसत. मालक एकदा म्हणाले, "तेलवाल्याचं उत्तर नाही आलं." मी मान खाली घालून वरणभात कालवत राहिलो.

चौदाव्या दिवशी रविवार होता. पावणेसहाला खोली भरली होती. दहा-बारा माणसं, पोरं पुढे, वहिनी दाराजवळ. मालक पडद्यासमोर स्टुलावर, आमच्याकडे पाठ करून. जाहिराती सुरू झाल्या आणि तेवढ्यात दारातून एक बाई आत आली. हातात कापडी पिशवी, साधी सुती साडी. तिने चपला काढल्या आणि काही न बोलता वहिनीच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. त्या घराची रीत तिला माहीत होती. वहिनीने तिच्याकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरला. मग मागच्या रांगेतल्या एकेकाने वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात काकी उभ्या होत्या, हातात ओली ताटली.

तेलाची जाहिरात लागली.

"आता हात बघा," मालक म्हणाले. "बघा, ही सोडली पुरी. आणि आता हात मागे घेणार नाही. ... घेतला? नाही घेतला. ह्याला म्हणतात काम."

एरवी या जागी वहिनी काहीतरी बोलायची. कुणीच बोललं नाही.

"काय झालं तुम्हाला? सगळ्यांचे एकदम कान गेले?" असं म्हणत मालक वळले.

ती उठून उभी राहिली. "बाबा, कार्ड मिळालं," ती म्हणाली.

ते कार्ड तिला नव्हतं. त्या खोलीत हे माहीत असलेली माणसं तीनच होती, मालक, काकी आणि मी. मालकांनी आधी तिच्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, फार नाही, एक श्वास घेण्याइतकं. मग काकींकडे. "मी तुला कार्ड पाठवलेलं नाही," एवढं एक वाक्य त्यांना म्हणायचं होतं. ते खोटंही ठरलं नसतं. ते म्हटलं असतं तर ती पिशवी उचलून गेली असती, आणि बहुतेक मीही. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला आयुष्यात कुणाला वाक्य सांगावंसं वाटलं असेल तर ते त्या क्षणी, पण सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

"मिळालं ना?" शेवटी मालक म्हणाले. "मग उत्तर कित्याक नाय धाडलंस?"

घरात इतरांसमोर ते कधी मालवणी बोलत नसत.

"म्हटलं आपणच यावं," ती म्हणाली.

"दुसऱ्या पुरीला घाई केलीस."

"तेल फार तापलं होतं. चौदा वेळा करून घेतलं त्यांनी."

"दिसतं ते." मालक पुन्हा पडद्याकडे वळले. सिनेमाची नावं सुरू झाली होती. त्यांनी ती सगळी वाचली, निदान तसं दिसलं. काकी ताटली तशीच धरून उभ्या होत्या. मग मागे न वळता मालकांनी विचारलं, "तो खंय आसा?"

"खाली उभा आहे. उतारावर."

"मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर नव्हतो, पण ते मला पहिल्या महिन्यापासून मास्तरच म्हणायचे. तेवढं ऐकून मी उठलो.

त्यांना त्या हातांबद्दल आधीपासून माहीत होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ज्या माणसाला वकिलाच्या कोटाची टाचणी दिसते, त्याला आपल्या मुलीची करंगळी दिसली नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पण त्यांनी तसं कधी कबूल केलं नाही. मीही पत्ता कुणी बदलला हे कधी कबूल केलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

खाली पाण्याच्या टाकीजवळ माझ्याच वयाचा एक माणूस उभा होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोटांवर भाजल्याचे जुने डाग. मी जवळ गेल्यावर तो सरळ उभा राहिला.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"वर बोलावलंय."

"तुम्ही कोण?"

"इथेच राहतो. भाड्याने." मी नाव सांगितलं, आडनावासकट. तो माझ्याकडे बघत राहिला.

"किती दिवस?"

"तीन वर्षं झाली."

"घरात?"

"हो. पुढच्या खोलीत, कॉटवर."

"पाणी?"

"माठातलं. मीच घेतो."

त्याने मान हलवली. हसला की नाही ते मला नीट कळलं नाही. त्याने दुमडलेल्या बाह्या सोडल्या आणि दोन्ही मनगटांची बटणं लावली. "चला," तो म्हणाला. आम्ही चढ चढलो. तो पुढे, मी मागे. मला त्याला पुष्कळ सांगायचं होतं, पण त्यातलं बरंचसं मला त्या घरात मिळालेल्या वागणुकीबद्दलचं होतं, आणि ती त्याला मिळाली नव्हती.

दारात त्याने बूट काढले. बुटाच्या नाड्या सोडायला त्याला वेळ लागला. आतली सगळी माणसं पडद्याकडे तोंड करून बसली होती, पण सिनेमा कुणी बघत नव्हतं. तो आत आला आणि दाराशीच, जिथे चपला संपतात तिथे, उकिडवा बसला.

मालकांनी मान वळवली नाही.

"तिथे नको," ते म्हणाले. "तिथून तिरपं दिसतं. पुढे या, इथे बसा." आणि त्यांनी आपलं स्टूल डाव्या बाजूला सरकवलं.